निमुळत्या आट्यांचा सांधा आणि त्याचे आयुष्य

१. सांध्याचे महत्त्व

कोणतेही मोठे यंत्र एकाच अखंड धातूचे घडविलेले नसते. अनेक भाग स्वतंत्रपणे तयार करून ते एकमेकांस जोडावे लागतात. काही सांधे कायमचे असतात. उदाहरणार्थ, रिव्हेट मारलेले किंवा वितळजोड केलेले. काही सांधे मात्र वेळोवेळी सोडवावे व पुन्हा जोडावे लागतात. अशा ठिकाणी आट्यांचा उपयोग होतो. यंत्राचा एखादा भाग जेव्हा अनपेक्षितपणे तुटतो, तेव्हा शोध घेता बहुधा असे आढळते की, चिरेचा आरंभ आट्याच्या खाचेत, भोकाच्या कडेला किंवा जाडी एकदम बदलते अशा जागी झालेला होता. म्हणून सांधा किती दिवस टिकेल, हा प्रश्न यंत्रशास्त्रात अत्यंत महत्त्वाचा मानला जातो.

आटे दोन प्रकारचे असतात. नेहमीच्या नट-बोल्टाचे आटे सरळ असतात. म्हणजे बोल्टाचा व्यास एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखाच राहतो. दुसऱ्या प्रकारात आटे शंकूच्या पृष्ठावर कापलेले असतात व व्यास टोकाकडे क्रमाने कमी होत जातो. यांस निमुळते आटे म्हणतात. घरातील पाण्याच्या लोखंडी नळाचे टोक, स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत बसविलेली झडप, वाफेच्या एंजिनाच्या बॉयलरमधील गाळ धुऊन काढण्यासाठी ठेवलेल्या भोकांची बुचे, ही सर्व निमुळत्या आट्यांची परिचित उदाहरणे होत. तथापि या सांध्याची खरी कसोटी लागते ती तेलविहिरी खोदणाऱ्या यंत्रसामग्रीत. तेथे शेकडो सांधे एकाखाली एक जोडलेले असतात, त्यांतील कोणताही तुटल्यास मोठी हानी संभवते, आणि जमिनीखाली हजारो मीटर खोल असलेला सांधा डोळ्यांनी पाहता येत नाही. म्हणून येथे मुख्यतः याच सांध्याचा विचार केला आहे.

२. आटा म्हणजे काय?

कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापून घ्यावा. त्याची उभी बाजू पेन्सिलीला लावून कागद पेन्सिलीभोवती गुंडाळावा. त्रिकोणाची तिरपी कड पेन्सिलीवर वर चढत जाणाऱ्या वळणांच्या रूपात दिसेल. हेच मळसूत्र होय. यावरून आटा म्हणजे दंडगोलाभोवती गुंडाळलेला उतरणीचा मार्ग आहे हे स्पष्ट होते. उतरणीवरून जड ओझे थोड्या जोराने वर नेता येते. त्याचप्रमाणे आट्याच्या साहाय्याने थोड्या पिळाने फार मोठा ताण निर्माण करता येतो. लगतच्या दोन वळणांतील अंतरास आट्याचे अंतर म्हणतात. एक पूर्ण फेरा दिला असता बोल्ट या अंतराइतका पुढे सरकतो.

पूर्वी प्रत्येक कारखाना आपापल्या सोयीप्रमाणे आटे कापीत असे. एका कारखान्याचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. १८४१ मध्ये इंग्लंडमधील जोसेफ व्हिटवर्थ यांनी आट्याचा कोन ५५ अंश असावा अशी एक पद्धती मांडली. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंश कोनाची पद्धती सुचविली. नळांच्या निमुळत्या आट्यांसाठी इंग्लंड व अमेरिका या दोन्ही देशांत १ : १६ हा उतार रूढ झाला, म्हणजे १६ मिलिमीटर लांबीत व्यास १ मिलिमीटरने कमी होतो. नळाच्या सांध्यात आटेच पाचरीसारखे एकमेकांत घट्ट बसून पाणी अडवितात. खोदकामाच्या नळांत मात्र पाणी अडविण्याचे काम आट्यांकडे नसते. ते कोणाकडे असते हे पुढे येईल.

३. तेलविहिरीतील नळांची माळ

भारतात आसामातील दिगबोई येथे १८८९ मध्ये तेलविहिरीच्या खोदाईस आरंभ झाला. स्वातंत्र्यानंतर गुजरातमध्ये लुणेज येथे १९५८ साली व अंकलेश्वर येथे १९६० साली तेल सापडले, आणि १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात मुंबई हाय या क्षेत्राचा शोध लागला. विहिरी जसजशा खोल जाऊ लागल्या तसतसे नळांच्या सांध्यांवरील ओझे वाढत गेले.

फिरत्या खोदाईच्या पद्धतीत खडक फोडणारा बिट नळांच्या लांब माळेच्या खालच्या टोकाला बसविलेला असतो. माळ वरून फिरविली की बिट फिरतो. नळांच्या पोकळीतून दाबाखाली चिखलासारखा एक द्रव खाली सोडतात. तो बिटातून बाहेर पडतो, खडकाचा चुरा आपल्याबरोबर घेऊन नळाच्या बाहेरून वर येतो, आणि आपल्या वजनाने भूगर्भातील तेल, वायू व पाणी यांचा दाब थोपवून धरतो. म्हणजे नळांची ही माळ एकाच वेळी फिरविण्याचा दंड, ओझे पेलणारी साखळी व दाब सांभाळणारी नळी, अशी तिन्ही कामे करते.

एक ड्रिल पाइप साधारणतः ९ मीटर लांब असतो. ३,००० मीटर खोल विहिरीत असे तीनशेहून अधिक सांधे असतात. नेहमी वापरात असलेला १२७ मिलिमीटर व्यासाचा पाइप मीटरला सुमारे २९ किलोग्रॅम भरतो. म्हणून ३,००० मीटरांच्या माळेचे हवेतील वजन सुमारे ८७ टन होते. हे सर्व ओझे अगदी वरच्या सांध्यावर येते. माळेच्या तळाशी जाड भिंतीचे वजनदार नळ असतात. त्यांस ड्रिल कॉलर म्हणतात. २०३ मिलिमीटर व्यासाचा व ७१ मिलिमीटर पोकळीचा असा एकच कॉलर सुमारे २ टन वजनाचा असतो. बिटावर भार देण्याचे काम हे कॉलर करतात.

प्रत्येक नळाच्या एका टोकास बाहेरून आटे कापलेला निमुळता भाग असतो. त्यास पिन म्हणतात. दुसऱ्या टोकास आतून आटे कापलेला पोकळ भाग असतो, तो बॉक्स. पिनेच्या मुळाशी एक सपाट कडे असते. त्यास खांदा म्हणतात. पिन बॉक्समध्ये पूर्ण फिरविली की हा खांदा बॉक्सच्या तोंडावर टेकतो. १२७ मिलिमीटर पाइपवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या सांध्यात उतार १ : ६, आट्यांचे अंतर ६.३५ मिलिमीटर आणि पिनेची लांबी सुमारे ११४ मिलिमीटर असते.

४. निमुळतेपणा कशासाठी?

पहिला लाभ वेळेचा आहे. पिनेची लांबी ११४ मिलिमीटर व आट्यांचे अंतर ६.३५ मिलिमीटर, म्हणजे आटे सरळ असते तर सांधा पूर्ण जोडण्यास सुमारे १८ फेरे द्यावे लागले असते. निमुळत्या सांध्यात पिन फेरे न देताच बरीच आत उतरते. आट्याची खोली सुमारे ३ मिलिमीटर धरली, तर दोन्ही बाजूंचे आटे एकमेकांपासून मोकळे होण्यास व्यासात ६ मिलिमीटर फरक पडावयास हवा. उतार १ : ६ असल्यामुळे त्यासाठी पिन ३६ मिलिमीटर वर उचलणे पुरेसे होते. ३६ ला ६.३५ ने भागले असता सुमारे पावणेसहा येतात. म्हणजे अठरांऐवजी केवळ सहा फेऱ्यांत काम होते. बिट बदलावयाचा झाल्यास संपूर्ण माळ वर काढून पुन्हा खाली सोडावी लागते. शेकडो सांधे हाताळावे लागतात. अशा वेळी हा फरक किती मोठा ठरतो हे सहज समजेल.

दुसरा लाभ नेमकेपणाचा आहे. टांगलेला नळ हेलकावे खात असतो. निमुळती पिन रुंद तोंडाच्या बॉक्समध्ये आपोआप मध्यभागी येते, आणि पहिला आटा वाकडा बसून खराब होण्याचा धोका कमी होतो.

तिसरा लाभ सर्वांत महत्त्वाचा आहे. नळावरील ओढ पिनेतून बॉक्समध्ये एकदम जात नाही; प्रत्येक आटा आपला वाटा थोडाथोडा पलीकडे देतो. म्हणून खांद्याजवळ पिनेमध्ये संपूर्ण ओढ असते व टोकापाशी ती जवळजवळ शून्य होते. बॉक्समध्ये याच्या उलट स्थिती असते: तोंडापाशी ओढ थोडी व तळाशी संपूर्ण. निमुळत्या सांध्यात पिन खांद्याजवळ जाड व टोकाकडे पातळ असते. बॉक्सची भिंत तोंडाजवळ पातळ व तळाकडे जाड असते. जेथे ओझे अधिक तेथे धातू अधिक, अशी ही रचना आहे. सरळ आट्यांनी हे साधत नाही.

निमुळतेपणाचा आणखी एक गुण मापनात दिसतो. आट्यांचा व्यास ०.१ मिलिमीटरने चुकला, तर मापनाचे कडे पिनेवर ०.६ मिलिमीटर पुढे किंवा मागे थांबते. चूक सहापट होऊन दिसते व ती ताबडतोब ध्यानात येते. यामुळे निरनिराळ्या देशांत तयार झालेल्या पिना व बॉक्स एकमेकांत बिनचूक बसतात.

परंतु याच पाचरीसारख्या आकारामुळे एक दोषही उद्भवतो. पिन जितकी जोराने आत शिरेल तितका बॉक्स आतून बाहेर ढकलला जातो. मर्यादेबाहेर पीळ दिल्यास बॉक्सचे तोंड घंटेसारखे पसरते किंवा उभे तडकते.

५. खांदा आणि पूर्वताण

सांध्यातील द्रव आट्यांमुळे अडत नाही. आट्यांचे माथे व तळ यांच्यामध्ये मुद्दाम थोडी फट ठेवलेली असते व तिच्यात वंगण राहते. द्रव अडविण्याचे काम केवळ खांदा व बॉक्सचे तोंड या दोन सपाट पृष्ठांच्या घट्ट मिलाफाने होते. हा मिलाफ सुटू नये म्हणून सांधा जोडतानाच पुरेसा पीळ देऊन पिनेत कायमचा ताण निर्माण केला जातो. त्यास पूर्वताण म्हणतात. पिन ताणली जाते व खांदा तितक्याच बळाने दाबला जातो.

दिलेला सर्व पीळ ताण निर्माण करण्यात खर्च होत नाही. वर सांगितलेल्या सांध्याचा हिशेब केला असता असे दिसते की, पिळाच्या १०० भागांपैकी सुमारे ४८ भाग खांद्यावरील घर्षणात व ४४ भाग आट्यांवरील घर्षणात जातात. पिन ताणण्यासाठी उरतात केवळ ८ भाग. तरीही सुमारे ३०,००० न्यूटन-मीटर पीळ दिला असता खांद्यावर पडणारा दाब २४० टनांच्या आसपास भरतो. ८७ टनांच्या माळेने हा खांदा उघडत नाही, याचे कारण हेच होय.

पूर्वताणाचा दुसरा उपयोग सूक्ष्म आहे. समजा, दाबलेल्या खांद्याचा भाग ताणलेल्या पिनेपेक्षा चौपट कडक आहे. अशा सांध्यावर बाहेरून १० टनांची ओढ आली, तर तिच्यापैकी ८ टन खांद्यावरील दाब कमी करण्यात खर्च होतात आणि पिनेच्या ताणात केवळ २ टनांची भर पडते. ओढ गेली की खांदा पुन्हा पूर्ववत दाबला जातो. म्हणजे घट्ट सांध्यातील पिनेला बाहेरच्या चढउतारांचा फक्त अल्प भाग जाणवतो. ढिल्या सांध्यातील पिनेला तो संपूर्ण सोसावा लागतो. घट्ट सांध्यात पिनेवरील एकंदर ताण अधिक असतो, पण त्याचा चढउतार कमी असतो. पोलादाला झिजवितो तो मुख्यतः चढउतार. ‘सैल ठेवला तर सांध्याला आराम मिळतो’ ही समजूत म्हणूनच चुकीची आहे.

तथापि पीळ किती द्यावा याला मर्यादा आहे. सांध्याचे पोलाद ज्या ताणाला कायमचे लांबू लागते, त्याच्या सुमारे ६० टक्क्यांपर्यंत ताण येईल इतकाच पीळ देण्याचा प्रघात आहे. बाकीचे बळ माळेचे वजन, वाकणे व धक्के यांसाठी राखून ठेवावे लागते.

६. धातूचा शिणवटा

लोखंडाची तार एकदा वाकविली तर तुटत नाही. परंतु तीच पुनःपुन्हा पुढेमागे वाकविली की तुटते. या प्रयोगात तार प्रत्येक वेळी कायमची वाकते. यंत्रांत मात्र याहून फसवा प्रकार घडतो. भाग वाकल्याचे डोळ्यांना मुळीच दिसत नाही, ताण पोलादाच्या शक्तीहून पुष्कळ कमी असतो, आणि तरीही लक्षावधी वेळा तोच ताण उलटसुलट आला की भाग तुटतो. यास धातूचा शिणवटा म्हणतात.

जर्मनीतील हार्ट्झ पर्वताच्या खाणींत ओझी उचलण्याच्या साखळ्या तुटत असत. विल्हेल्म आल्बर्ट यांनी त्या साखळ्यांवर पुनःपुन्हा ओझे टाकून प्रयोग केले व १८३७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १८४२ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या एंजिनाचा आस तुटला व भीषण अपघातात पन्नासहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर या विषयाकडे अनेकांचे लक्ष वेधले. प्रशियाच्या रेल्वेतील ऑगस्ट वोलर यांनी आसांवर पद्धतशीर प्रयोग करून १८७० पर्यंत दोन गोष्टी दाखवून दिल्या. पहिली, भाग किती फेऱ्यांनंतर तुटेल हे मुख्यतः ताणाच्या चढउतारावर अवलंबून असते. दुसरी, कोरड्या हवेतील पोलादाच्या बाबतीत अशी एक मर्यादा असते की, चढउतार तिच्याखाली ठेवल्यास भाग जवळजवळ अमर्याद काळ टिकतो.

आता विहिरीकडे वळू. भोक पूर्णपणे सरळ नसते. कोठे ना कोठे ते वळते. वळणावर नळ किंचित वाकलेल्या स्थितीत फिरतो. वाकलेल्या नळाची बाहेरची बाजू ताणली जाते व आतली दाबली जाते. नळ अर्धा फेरा फिरला की ताणलेली बाजू दाबली जाते व दाबलेली ताणली जाते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक ताणाचा एक पूर्ण चढउतार होतो. माळ मिनिटाला १०० फेरे फिरत असेल, तर तासाला ६,००० व दिवसाला १,४४,००० फेरे होतात. दहा लक्ष फेरे सात दिवसांच्या आतच पुरे होतात. आर्थर लुबिन्स्की यांनी १९६१ मध्ये विहिरीतील वळण किती असल्यास ड्रिल पाइप शिणणार नाही याचे गणित मांडले. वळण उथळ भागात असले तर ते अधिक घातक ठरते, हे त्यांनी दाखविले. कारण तेथे खालच्या माळेची ओढ सर्वांत जास्त असते.

७. चीर कोठे पडते?

ड्रिल पाइपची भिंत पातळ, केवळ ९ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणून तेथे शिणवट्याची चीर बहुधा पाइपच्या अंगावरच, जाड टोकाच्या अलीकडे पडते. ड्रिल कॉलरची गोष्ट वेगळी आहे. त्याचे अंग जाड व कडक असते. वाकण्याच्या दृष्टीने सांधाच त्याचा दुबळा भाग ठरतो. म्हणून कॉलरमध्ये चिरा आट्यांत पडतात.

आट्यांतही त्या वाटेल तेथे पडत नाहीत. सामान्य नट-बोल्टात सर्व आटे ओझे सारखे वाटून घेतात अशी समजूत असते. ती खरी नाही. जे. एन. गुडियर यांनी १९४० मध्ये व डी. जी. सॉपविथ यांनी १९४८ मध्ये या वाटणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओझ्याच्या बाजूचा पहिला आटाच सुमारे एक तृतीयांश ओझे उचलतो व पुढील आट्यांच्या वाट्याला क्रमाने कमी ओझे येते, असे अशा अभ्यासांवरून दिसून येते. शिवाय आट्याचा तळ ही एक खाच असते. पाण्याचा प्रवाह अरुंद जागेतून जाताना जसा वेगाने वाहतो, तसा खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. जेथे ओझे सर्वाधिक व खाचही आहे, तेथेच चीर सुरू होते: पिनेमध्ये खांद्याजवळच्या शेवटच्या गुंतलेल्या आट्याच्या तळाशी, आणि बॉक्समध्ये तळाकडील शेवटच्या गुंतलेल्या आट्याच्या तळाशी.

यावर चार उपाय योजले जातात.

पहिला उपाय म्हणजे आट्याचा तळ गोल करणे. जुन्या सांध्यांच्या आट्यांचे तळ जवळजवळ सपाट व कोपरे तीक्ष्ण असत. आजच्या प्रमाणित सांध्यांत तळाला सुमारे ०.९७ मिलिमीटर त्रिज्येची गोलाई दिलेली असते. कोपरा गोल झाला की ताण तितका एकवटत नाही.

दुसरा उपाय प्रथमदर्शनी विपरीत वाटतो. पिनेच्या मुळाशी व बॉक्सच्या तळाशी जे आटे कोणत्याही आट्यात गुंतलेले नसतात, ते कापून टाकून तेथे गुळगुळीत, रुंद खोबण करतात. धातू काढून टाकला, तरीही सांधा अधिक टिकतो. कारण निरुपयोगी खाचा नाहीशा होतात व तो भाग थोडा लवचीक होऊन वाकणे एका जागी न एकवटता पसरते.

तिसरा उपाय म्हणजे तळ थंड स्थितीत लाटणे. कठीण पोलादाचे छोटे चाक आट्याच्या तळातून जोराने दाबून फिरवितात. पृष्ठाजवळील धातू दाबलेल्या अवस्थेत राहतो. बाहेरून ओढ आली तरी आधी हा दाब नाहीसा व्हावा लागतो. म्हणून चीर सहजी उघडत नाही. आटे पुन्हा कापले तर हा दाबलेला थर निघून जातो व लाटण्याची क्रिया पुन्हा करावी लागते.

चौथा उपाय म्हणजे पिन व बॉक्स यांच्यातील समतोल राखणे. दोहोंपैकी एक फार बळकट व दुसरा दुबळा असल्यास दुबळा भाग लौकर शिणतो. म्हणून बॉक्सचे वाकण्याला विरोध करण्याचे सामर्थ्य पिनेच्या सुमारे अडीचपट ठेवण्याचा प्रघात आहे. विहिरीच्या भिंतीवर घासून कॉलरचा बाहेरचा व्यास कमी होत गेला की हे प्रमाण बिघडते. पिन जशीच्या तशी राहते, पण बॉक्स दुबळा होतो. आणि जो सांधा नवा असताना पिनेत तुटण्याची शक्यता होती, तो जुना झाल्यावर बॉक्समध्ये तुटतो.

८. गंज, गळती आणि तुटणे

वोलर यांनी दाखविलेली सुरक्षित मर्यादा कोरड्या हवेत खरी ठरते. विहिरीतील द्रवात क्षार, विरघळलेला ऑक्सिजन व कधी कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. गंजाने पृष्ठावर बारीक खळगे पडतात. प्रत्येक खळगा नवी खाच होते. चिरेच्या टोकाशीही गंजण्याची क्रिया चालूच राहते. अशा स्थितीत सुरक्षित मर्यादा अशी उरतच नाही. चढउतार कितीही लहान असला तरी आयुष्य केव्हातरी संपते. हायड्रोजन सल्फाइड असल्यास अधिक कठीण व बळकट पोलाद उलट अधिक ठिसूळपणे तडकते. म्हणून अधिक बळकट पोलाद वापरणे हा सर्वच ठिकाणी उपाय नव्हे.

चीर भिंतीच्या आरपार गेली की पोकळीतील द्रव दाबाने त्या फटीतून बाहेर पडू लागतो. त्यात वाळूचे कण असल्यामुळे तो पोलाद झपाट्याने कोरून काढतो. पंपाची गती तीच असूनही दाबमापकाचा काटा हळूहळू खाली येतो. अनुभवी कामगार या खुणेकडे दुर्लक्ष करीत नाहीत. खोदाई थांबवून माळ वर काढली, तर एक खराब सांधा बदलून काम पुढे चालू शकते. दुर्लक्ष झाले, तर सांधा तुटतो व त्याखालील माळ विहिरीतच राहते.

तुटलेली माळ बाहेर काढण्याच्या कामास विहिरीवर ‘फिशिंग’ म्हणजे मासेमारी म्हणतात. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या हत्यारांपैकी एक म्हणजे कठीण पोलादाचा लांब, निमुळता, आटे पाडलेला टॅप होय. तो तुटलेल्या नळाच्या पोकळीत उतरवून फिरविला की स्वतःच आटे कापीत घट्ट बसतो व नळ धरून ठेवतो. निमुळत्या आट्याने तुटलेला सांधा निमुळत्या आट्यानेच वर आणला जातो. परंतु हे नेहमी साधत नाही. मग विहिरीचा तेवढा भाग सोडून देऊन बाजूने नवे भोक पाडावे लागते, अथवा विहीरच टाकून द्यावी लागते. शिवाय माळ तुटली की बिटापर्यंत द्रव पोहोचविण्याचा मार्ग खंडित होतो. त्याच वेळी भूगर्भातील वायू वर येऊ लागला, तर त्याला आवरणे कठीण होते. आणि वर मनोऱ्यावर काम करणाऱ्या माणसांच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो.

९. निगा आणि तपासणी

सांध्याचे आयुष्य कारखान्यात जितके ठरते तितकेच ते विहिरीवर, रोजच्या हाताळणीत ठरते. त्यासाठी पुढील गोष्टी पाळल्या जातात.

जोडण्यापूर्वी पिन, बॉक्स व खांदा पुसून स्वच्छ करणे आवश्यक असते. खांद्यावर वाळूचा कण राहिला, तर दोन पृष्ठे पूर्ण मिळत नाहीत व गळतीचे बीज पडते. स्वच्छ केल्यावर आट्यांना व खांद्याला ‘डोप’ नावाचे दाट वंगण लावतात. त्यात जस्तासारख्या मऊ धातूची बारीक भुकटी मिसळलेली असते. प्रचंड दाबाखाली पोलादावर पोलाद घासले, तर पृष्ठावरील उंचवटे एकमेकांस चिकटतात व आटे ओरबाडले जातात. मऊ धातूचे कण मध्ये राहून हे टाळतात. डोप बदलला तर पीळही बदलावा लागतो. पिळाचा बहुतेक भाग घर्षणात जातो हे वर आलेच आहे. म्हणून अधिक निसरड्या डोपने तोच पीळ दिल्यास पिन प्रमाणाबाहेर ताणली जाते. साधे ग्रीस लावणे याच कारणाने धोक्याचे असते.

पीळ मोजून द्यावा लागतो. टाँग नावाच्या मोठ्या पान्याचा दांडा व त्याला ओढणारा दोर यांत काटकोन असावयास हवा. हा कोन ३० अंश झाला तर तितक्याच ओढीने निम्माच पीळ मिळतो. ओढ मोजणारे यंत्र बरोबर आकडा दाखवील. पण सांधा ढिला राहील.

तीन-तीन नळ जोडूनच माळ वर काढून मनोऱ्यात उभी करण्याची रीत असल्यामुळे दर वेळी ठरावीक सांधेच सुटतात व मधले सांधे महिनोन्‌महिने न पाहता राहतात. यासाठी दर खेपेस निराळा सांधा सोडण्याचा नियम पाळतात. मोकळ्या टोकांवर संरक्षक टोपी बसविल्याखेरीज नळ हलवीत नाहीत.

ठरावीक कालावधीनंतर सांधे तपासले जातात. आट्यांच्या अंतराचे माप घेतले असता ५० मिलिमीटर लांबीत सुमारे ०.१५ मिलिमीटरहून अधिक वाढ आढळली, तर पिन कायमची ताणली गेली आहे असे समजून ती वापरातून काढतात. सूक्ष्म चिरा शोधण्यासाठी भाग चुंबकित करून त्यावर चमकणाऱ्या लोहभुकटीचा द्रव सोडतात. चिरेपाशी चुंबकीय बलरेषा बाहेर पडतात व भुकटी तेथे गोळा होते. जंबुपार प्रकाशात ती रेघ स्पष्ट चमकते. काही कॉलर मुद्दाम अचुंबकीय पोलादाचे असतात. त्यांच्या चिरा पृष्ठावर झिरपणाऱ्या रंगाने शोधाव्या लागतात.

खांदा खरचटला तर लेथवर त्याचा अगदी पातळ थर काढून तो पुन्हा सपाट करता येतो. परंतु एका वेळी सुमारे ०.८ व एकंदर १.६ मिलिमीटरपेक्षा अधिक धातू काढीत नाहीत. याचे कारणही निमुळतेपणातच आहे. खांदा जितका कापावा तितकी पिन बॉक्समध्ये अधिक खोल जाते, पाचर अधिक घट्ट बसते, आणि खांद्यावर पडावयाचा दाब आट्यांवर पडू लागतो.

१०. सारांश

निमुळत्या आट्यांचा सांधा थोड्या फेऱ्यांत जुळतो, आपोआप मध्यभागी येतो, आणि जेथे ओझे अधिक तेथे अधिक धातू ठेवतो. त्याचे आयुष्य केवळ पोलादाच्या बळावर अवलंबून नसते. खांदा घट्ट दाबलेला राहील इतका पूर्वताण, आट्याच्या तळाची गोलाई, पिन व बॉक्स यांचा समतोल, गंजापासून बचाव आणि नियमित तपासणी, या पाच गोष्टी मिळून ते ठरते. यांतील पहिली व शेवटची गोष्ट यंत्र बनविणाऱ्याच्या नव्हे, तर यंत्र चालविणाऱ्याच्या हाती असते. मोठ्या यंत्राची सुरक्षितता पुष्कळदा एका पुसलेल्या खांद्यावर व मोजून दिलेल्या पिळावर अवलंबून असते, हे तेलविहिरीप्रमाणेच इतर सर्व यंत्रांच्या बाबतीतही खरे आहे.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. उतार १ : ४ व आट्याची खोली ३ मिलिमीटर असल्यास पिन मोकळी करण्यास ती किती मिलिमीटर उचलावी लागेल? आट्यांचे अंतर ६.३५ मिलिमीटर असल्यास साधारण किती फेरे लागतील?

२. माळ मिनिटाला ६० फेरे फिरत असल्यास दहा लक्ष फेरे पुरे होण्यास किती दिवस लागतील?

३. धातू कापून टाकल्यावरही सांधा अधिक टिकतो, असे कोणत्या उपायात घडते व का?

४. ढिला सांधा घट्ट सांध्यापेक्षा लौकर का तुटतो, हे १० टनांच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.